मंडळीच्या सेवेत विश्वासूपणा कसा जपायचा: नव्या सेवकांसाठी पायरी-पायरीने

यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौलाने मंडळ्यांकडून (म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चकडून) देणगी गोळा केली, तेव्हा तो सगळा व्यवहार त्याने एकट्याच्या हाती ठेवला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर त्याने आणखी दोन भाऊ पाठवले आणि त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडून दिलेला होता. कारणही त्याने 2 करिंथ 8:20-21 मध्ये लिहिलं आहे. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, आणि व्यवहार प्रभूसमोर तसाच माणसांसमोरही चोख असावा, हे त्याचं म्हणणं. प्रेषित असूनही त्याने आपल्या शब्दावर सगळं सोडलं नाही. लोकांना तपासून पाहता येईल अशी सोय केली.

नव्या सेवकांना आम्हाला सांगायचं आहे ते हेच. तुमचं मन स्वच्छ आहे हे देवाला दिसतं. मंडळीला दिसतात त्या पावत्या, वेळा, चाव्या आणि पाळलेला शब्द. संडे स्कूलचे शिक्षक, अर्पण मोजणारे, घरभेटींना जाणारे, गायनगट किंवा तरुण संघ सांभाळणारे अशा सगळ्यांना पुढच्या पायऱ्या लागू आहेत. पाळक होऊ पाहणाऱ्यांना तर त्या आधी लागू होतात.

पायरी 1. हो म्हणण्याआधी विचारून घ्या

चोरी आणि व्यभिचाराच्या बातम्या होतात, म्हणून विश्वास त्यांच्यामुळेच तुटतो असं वाटतं. रोजच्या सेवेत तो जास्त वेळा तुटतो तो काम नीट न ठरवता अंगावर घेतल्यामुळे. उपासना संपल्यावर पाळक जवळ येऊन विचारतात, "मुलांचा वर्ग बघशील ना?" नवा माणूस भारावून हो म्हणतो. तीन महिन्यांनी पाळक नाराज, सेवक थकलेला आणि मुलांना शिक्षक नाही.

म्हणून उभ्या-उभ्या हो म्हणू नका. दोन दिवस मागून घ्या आणि विचारा: काम नेमकं काय आहे आणि काय नाही? आठवड्याला किती तास लागतील? किती महिन्यांसाठी? पैसे, चाव्या, लोकांची माहिती किंवा मुलं यांपैकी माझ्या ताब्यात काय काय येणार? आणि मी जाब कोणाला द्यायचा? उत्तरं एका पानावर लिहा, खाली तारीख टाका, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरी ज्याने काम दिलं त्याला द्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. "जाब देवाला" हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. ज्याला फोन करून "या महिन्यात हे झालं, हे राहिलं" असं सांगता येईल, अशा एका माणसाचं नाव तुम्हाला मिळालं पाहिजे. नाव मिळत नसेल तर काम घेऊ नका. कोणीच विचारणार नाही अशी जागा नव्या माणसाला सोयीची वाटते, पण पुढे आरोप झाला तर त्याच्या बाजूने बोलणाराही कोणी उरत नाही.

डीकन, म्हणजे मंडळीतले नेमलेले सेवक, नेमण्याआधी त्यांची पारख व्हावी असं 1 तीमथ्य 3:10 मध्ये सांगितलं आहे. ही पारख तुम्हीच मागून घ्या. तीन महिन्यांची मुदत पुरते: पहिल्या महिन्यात जुन्या सेवकाशेजारी बसून बघायचं, दुसऱ्यात त्याच्याबरोबर करायचं, तिसऱ्यात तुम्ही करायचं आणि त्याने बघायचं. सुरुवातीचे सहा महिने एकच सेवा घ्या. गायन, संडे स्कूल, घरभेटी आणि प्रार्थना गट हे सगळं एकदम घेणाऱ्याचा उत्साह खोटा नसतो, पण चारही ठिकाणी तो उशिरा पोचतो आणि लोक त्याला बेभरवशाचा समजू लागतात. एकदा तो शिक्का बसला की पुसायला फार वेळ लागतो.

नकार द्यायचा असेल तर सरळ द्या. "प्रार्थना करून सांगतो" म्हणालात तर लगेच तारीखही सांगा: "बुधवारपर्यंत सांगतो." तारखेविना म्हटलेलं हे वाक्य वेळ मारून नेण्यासाठी वापरलं जातं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. प्रार्थनेचं नाव असं वापरलं गेलं की नुकसान फक्त तुमच्या विश्वासार्हतेचं होत नाही.

पायरी 2. वेळ आणि शब्द

सेवा सुरू होण्याच्या 30 मिनिटं आधी जागेवर असा. वाद्यं किंवा माइक लावायचे असतील तर तासभर आधी. येता येणार नसेल तर किमान 48 तास आधी कळवा, आणि कळवताना बदली माणूस ठरवूनच कळवा. निरोप गटावर टाकून मोकळे होऊ नका. जबाबदार व्यक्तीला थेट सांगा आणि तिचं "कळलं" येईपर्यंत निरोप पोचला असं धरू नका. अचानक आजारपण आलं तर अर्थातच हा नियम गळतो. मात्र महिन्यातून दोनदा "अचानक" येऊ लागलं, तर कामाचा भार जास्त झाला आहे असं समजून पायरी 1 चा कागद पुन्हा काढा.

"तुमच्यासाठी प्रार्थना करीन" हा मंडळीत सगळ्यांत सहज दिला जाणारा आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा शब्द आहे. शक्य असेल तर तिथेच, त्या माणसाबरोबर, दोन मिनिटं प्रार्थना करा. नाहीतर छोट्या वहीत नावाचं आद्याक्षर, तारीख आणि एक-दोन शब्दांत विनंती लिहा आणि दोन आठवड्यांनी विचारा: "त्या दिवशी तुम्ही मुलाच्या नोकरीचं बोलला होता, पुढे काय झालं?" एवढ्या एका प्रश्नावर लोक तुम्हाला वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

पायरी 3. पैसे हाती येतात तेव्हा

इथे थोडं थांबून वाचा. पैशांच्या बाबतीत व्यवस्था ढिली असते तिथे प्रामाणिक माणूसही अडकतो.

2 राजे 12 मध्ये मंदिराच्या दुरुस्तीचा प्रसंग आहे. पैसा याजकांकडे येत होता, दुरुस्ती त्यांनीच करायची होती, आणि योआश राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी भेगा तशाच होत्या. मग यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेवली. पेटीत बराच पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक, म्हणजे दोन वेगळ्या अधिकारांखालची दोन माणसं, येऊन तो मोजत आणि पिशव्यांत बांधून ठेवत. मंदिराचं काम मार्गी लागलं ते त्यानंतर. पैसा घेणारा, मोजणारा आणि खर्च करणारा एकच नसावा, हे तत्त्व या उताऱ्यात स्पष्ट दिसतं.

याच अध्यायाच्या 15 व्या वचनात, कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेतला जात नसे कारण ती माणसं सचोटीने वागत, असं लिहिलं आहे. हिशेब टाळू पाहणारे हे वचन पुढे करतात. त्यांना 10 आणि 11 वी वचनं दाखवा: तो पैसा आधी दोघांनी मोजलेला होता आणि वजन करून त्यांच्या हाती दिलेला होता.

अर्पण मोजण्याची पद्धत अशी ठेवा:

1. मोजायला दोन माणसं, एका घरातली नसलेली. नवरा-बायको, बाप-लेक किंवा दोन सख्खे भाऊ ही जोडी चालत नाही, कितीही भली माणसं असली तरी. दर महिन्याला जोडी बदला.

2. उपासना संपल्यावर त्याच इमारतीत, त्याच दिवशी मोजा. "घरी नेऊन रात्री निवांत मोजतो" हे कधीच नको. थैली टेबलावर आल्यापासून मोजणी संपेपर्यंत दोघांनीही खोली सोडायची नाही.

3. पाकिटं आधी उघडा. पाकिटावरची रक्कम आतल्या रकमेशी जुळते का ते बघा; जुळत नसेल तर आतली रक्कम पाकिटावर लिहून दोघांनी सही करा. दशमांश, मिशन निधी, इमारत निधी असे ढीग सुरुवातीपासूनच वेगळे ठेवा. एकदा मिसळले की नंतर अंदाजाने वेगळे करावे लागतात, आणि अंदाज म्हणजे हिशेब नव्हे.

4. पहिल्याने मोजायचं आणि आकडा न बोलता कागदावर लिहायचा. दुसऱ्याने स्वतंत्र मोजायचं. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. पहिल्याने आकडा मोठ्याने सांगितला की दुसरा नकळत तोच आकडा येईपर्यंत मोजत राहतो.

5. मोजणीच्या चिठ्ठीवर तारीख, कोणती उपासना, प्रत्येक किमतीच्या नोटा किती, नाणी किती, निधीवार बेरीज, एकूण रक्कम अंकांत आणि अक्षरांत, आणि दोघांच्या सह्या. चिठ्ठीच्या दोन प्रती करा. एक पैशांबरोबर जाते, दुसरी खजिनदार सोडून तिसऱ्याच माणसाकडे, बहुधा सचिवाकडे.

6. बँकेत भरणा पुढच्या कामाच्या दिवशी. महिन्याअखेरीस बँकेचं विवरण आणि मोजणीच्या चिठ्ठ्या यांचा ताळा, पैसे न हाताळणाऱ्या व्यक्तीने करायचा.

आता चुकतं कुठे ते पाहा. समजा पहिला आकडा 4,350 आला, दुसरा 4,300. तिसऱ्यांदा मोजलं तर पुन्हा 4,300. पहिल्या सेवकाला वाटतं, 50 साठी कशाला चर्चा, मी घालतो. तो पदरमोड करून चिठ्ठीवर 4,350 लिहितो. हेतू चांगला आहे, पण त्या दिवसापासून चिठ्ठी खोटी झाली. पुढच्या वेळी खरोखर तूट आली तर ती मोजण्यातली चूक आहे की चोरी, हे शोधायचा मार्गच बंद झाला. जो आकडा दोघांनी मिळून पाहिला तोच लिहा, आणि फरक आला असेल तर शेऱ्यात "फरक 50, तीनदा मोजलं" असं लिहून सही करा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे खिशात सरकवलेला पैसा. दाराशी कोणी हात हातात घेतं, नोट कोंबतं, "सेवेसाठी" म्हणतं आणि निघून जातं. त्याच क्षणी विचारा: "हे मंडळीच्या कामासाठी की वैयक्तिक माझ्यासाठी?" मंडळीसाठी असेल तर पावती द्या. पावतीपुस्तक जवळ नसेल तर शेजारच्या एकाला बोलावून त्याच्यासमोर रक्कम मोजा आणि त्याच दिवशी खजिनदाराकडे द्या. वैयक्तिक असेल तरी, ज्याला तुम्ही जाब देता त्याला सांगून ठेवा. ऑनलाइन देणगीसाठी स्वतःचं खातं किंवा स्वतःचा क्यूआर कोड एका दिवसासाठीही देऊ नका. स्वतःच्या खात्यात आलेला पैसा तुम्ही पै-पैने पुढे दिला तरी तसा पुरावा दाखवत बसावं लागतं.

खर्चासाठी उचल घेतली तर सात दिवसांच्या आत बिलं आणि उरलेली रक्कम परत करा. मंडळीच्या रोख पैशांतून "उद्या टाकतो" म्हणून घेतलेली कोणतीही रक्कम ही विनापरवाना घेतलेली रक्कम आहे. उद्या टाकली तरीही.

मदतीचं आवाहन करतानाही तेवढीच काळजी घ्या. नामान सेनापतीने देऊ केलेली भेट अलीशा संदेष्ट्याने नाकारली. अलीशाचा चाकर गेहजी मात्र नामानामागे धावला आणि एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशातून आलेल्या दोन तरुण संदेष्ट्यांसाठी म्हणून त्याने चांदी आणि कपडे मागितले (2 राजे 5). तसे कोणी आलेच नव्हते. नसलेली गरज उभी करणं किंवा असलेली गरज फुगवून सांगणं हे आजही गेहजीचंच काम आहे, मग पैसा चांगल्या कामाला लावला तरी. एका कामासाठी मागितलेला पैसा दुसरीकडे वळवायचा असेल तर आधी देणाऱ्यांना विचारा.

पायरी 4. ऐकलेलं पोटात ठेवा

पैशांची चूक भरून काढता येते. बाहेर गेलेली गोष्ट परत आणता येत नाही.

मंडळीत गोष्टी फुटतात त्या बहुधा द्वेषातून नव्हे, तर प्रार्थनेच्या वाटेने. एक बहीण तुम्हाला सांगते की तिचा नवरा पुन्हा दारू पिऊ लागला आहे. तुम्हाला कळवळा येतो. बुधवारच्या प्रार्थना गटात तुम्ही नाव न घेता म्हणता, "आपल्यातल्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या, घरात व्यसनाचा त्रास पुन्हा सुरू झालाय." त्या "पुन्हा" या एका शब्दावरून चौघींना कुटुंब कळतं. रविवारी त्यांतली एक तिच्या जवळ जाऊन प्रेमाने म्हणते, "आम्ही प्रार्थना करतोय हं." त्या बहिणीला कळतं की गोष्ट बाहेर गेली. ती तुम्हाला काही बोलत नाही. फक्त यापुढे ती कोणालाच काही सांगत नाही, आणि पुढे तिला मार बसू लागतो तेव्हाही नाही.

हे टाळायचं तर सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा: "हे माझ्यापाशीच ठेवू, पाळकांना सांगू, की गटात प्रार्थनेसाठी घेऊ?" तो जे म्हणेल तेवढंच करा. पती किंवा पत्नीला सांगायचं असेल तर त्याचीही परवानगी लागते; "आम्ही दोघं एकच" हे इथे चालत नाही. वहीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर लिहा. आजारी माणसाचा खाटेवरचा फोटो, रिपोर्ट, कोणाच्या गर्भपाताची किंवा घटस्फोटाची बातमी मोबाइल गटावर टाकू नका; कुटुंबाने स्वतः टाकायला सांगितलं तरच, आणि त्यांच्याच शब्दांत. प्रवचनात, साक्षीत किंवा "एका ठिकाणी असं झालं" अशा दाखल्यातही ती गोष्ट वापरू नका. गाव बदलून, नाव बदलून सांगितली तरी ज्याची आहे तो ओळखतो.

पण "कोणालाच सांगणार नाही" असं सरसकट वचनही देऊ नका. काही गोष्टी पोटात ठेवणं हाच विश्वासघात असतो: लहान मुलाला होणारा त्रास, कोणी जीव देण्याच्या विचारात असणं, घरातली मारहाण जिवावर बेतणं. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच अशा अर्थाचं सांगून टाका: "तू सांगशील ते मी गप्पांत कुठे काढणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या लेकराला त्रास होत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करीन." नव्या सेवकांना वाटतं की हे ऐकून समोरचा गप्प बसेल. बहुतेक माणसं उलट मोकळी होतात, कारण आपण कोणाशी बोलतोय ते त्यांना नीट कळलेलं असतं.

पायरी 5. मुलं, आजारी आणि एकटी माणसं

मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ असावेत, शक्यतो एका कुटुंबातले नसलेले. दाराला काच असावी, नाहीतर दार उघडं. मुलाला आणताना आणि नेताना पालकाची सही, आणि वेगळंच कोणी न्यायला आलं तर पालकाला फोन. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना वैयक्तिक निरोप पाठवू नका; जे कळवायचं ते पालक असलेल्या गटावर. गाडीतून एकट्या मुलाला सोडायला जाऊ नका. दुसरा शिक्षक आला नाही तर दोन वर्ग एकत्र बसवा किंवा एखाद्या पालकाला थांबवून घ्या. "आजच्यापुरतं चालेल" हे वाक्य या पायरीवर आम्ही मान्य करत नाही. असा नियम मोडणारा माणूस वाईटच असेल असं नाही. पण जो वाईट हेतूने येतो तो आधी हेच तपासतो की इथे नियम "आजच्यापुरता" मोडतात का.

एखाद्या मुलाने तुम्हाला काही सांगितलं तर शांतपणे ऐका. "त्याने तुला इथे हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, "मग काय झालं?" एवढं पुरे. "बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही" हे जरूर म्हणा. त्याच दिवशी मुलाचे शब्द जसेच्या तसे वेळेसह लिहा आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला व कायद्याप्रमाणे ज्या यंत्रणेला कळवायचं तिला कळवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन विचारू नका, मंडळीत चौकशी समिती बसवून वेळ घालवू नका आणि मुलाला "क्षमा कर" म्हणू नका. मत्तय 18 मधलं "एकांती जाऊन त्याचा दोष त्याला दाखव" हे मुलाला लावायचं नाही. भावाने भावाला सुधारावं म्हणून दिलेल्या मार्गाचा उपयोग, दुबळ्याला त्याला छळणाऱ्यासमोर उभं करण्यासाठी होऊ शकत नाही.

घरभेटीला दोघांनी जा. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी त्याची कागदपत्रं, बँकेचं पुस्तक, एटीएमचा पिन, दागिने यांना हात लावू नका, त्याने आग्रह केला तरी. बँकेचं काम करून द्यायचंच असेल तर त्याच्या नातेवाइकाला कळवून आणि दुसऱ्या सेवकाला बरोबर घेऊन. मृत्युपत्रात तुमचं नाव घालायची गोष्ट निघाली तर तिथेच थांबवा आणि पाळकांना सांगा.

पायरी 6. व्यासपीठावर आणि अहवालात

अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 साली कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो इथे बसून, सुवार्तिकांची सेवा कशाकशाने बदनाम होते त्याची यादी केली आणि स्वतःला नियम घालून घेतले. पैसा, लैंगिक शुद्धता आणि स्थानिक मंडळ्यांवरची टीका यांबरोबर त्या यादीत उपस्थितीचे फुगवलेले आकडेही होते. नव्या माणसाला हे चौथं किरकोळ वाटतं. ते किरकोळ नाही, कारण तिथे खोटं बोलायची सवय "प्रभूच्या गौरवासाठी" या नावाखाली लागते.

अहवालात चार आकडे वेगळे लिहा: किती आले, किती जणांनी निर्णय घेतल्याचं सांगितलं, किती जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि सहा महिन्यांनी किती जण नियमित येतात. पहिला आकडा मोठा आणि चौथा छोटा असेल तरी तसाच पाठवा. मोजलं नसेल तर "अंदाजे" लिहा.

बरं झाल्याची साक्ष व्यासपीठावरून सांगण्याआधी त्या व्यक्तीला, आणि शक्य असेल तर तिच्या घरच्यांना, विचारा. डॉक्टरी तपासणीचा निकाल आल्याशिवाय "पूर्ण बरा झाला" म्हणू नका. कोणालाही औषधं बंद करायला सांगू नका. दुसऱ्याचं प्रवचन वापरलंत तर त्याचं आहे असं सांगा आणि त्याच्या आयुष्यातला प्रसंग स्वतःचा म्हणून सांगू नका. आणि "परमेश्वराने मला दाखवलंय की तू अमुक लग्न कर, अमुक रक्कम दे" हे बोलण्याआधी जिभेला आवर घाला. समोरच्याला नाही म्हणायची सोयच अशा वाक्याने उरत नाही. सल्ला असेल तर "मला असं वाटतं" म्हणा आणि त्याला विचार करायला वेळ द्या.

पायरी 7. चुकलं तर

चूक लक्षात आल्यापासून 24 तासांच्या आत, ज्याला जाब देता त्याला सांगा. आधी काय घडलं ते, मग त्यामुळे कोणाचं काय नुकसान झालं ते. कारण विचारलं तरच. पैसे गेले असतील तर भरपाई कशी आणि केव्हा, हे लेखी द्या. ज्याची गोष्ट तुमच्या तोंडून फुटली त्याच्याकडे स्वतः जा. बोलताना "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणू नका. "मी सांगायला नको होतं, मी सांगितलं" असं म्हणा.

मोठ्या चुकीत सेवेतून बाजूला व्हावं लागतं, आणि इथे मंडळ्यांचा नेहमी एक घोटाळा होतो. माणूस रडून पश्चात्ताप करतो, सगळ्यांची मनं हेलावतात आणि पुढच्याच रविवारी त्याच्या हातात पुन्हा तिजोरीची किल्ली येते. क्षमा त्याच दिवशी करता येते आणि करावीच. किल्ली ही वेगळी गोष्ट आहे. ती परत द्यायची की नाही आणि केव्हा द्यायची, हे काही काळ देखरेखीखालचं काम पाहून वडिलांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, मंडळाने ठरवायचं. मुलांशी गैरवर्तन केलेल्याकडे मुलांची सेवा पुन्हा कधीच द्यायची नाही. पश्चात्ताप खरा असेल तर माणूस वेगळी सेवा स्वीकारतो. जुनीच जागा हवी असा हट्ट तो धरत नाही.

दुसऱ्याची चूक कानावर आली तर? ऐकीव गोष्ट पुढे नेऊ नका आणि दाबूही नका. मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नये असं 1 तीमथ्य 5:19 सांगतं, आणि पापात राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा असं पुढचंच वचन सांगतं. पहिलं वचन वापरून दुसरं झाकू नये. तुम्ही स्वतः जे पाहिलं तेवढंच तारखेसह लिहा आणि योग्य जागी द्या. मूल किंवा कायदेशीर गुन्हा गुंतलेला असेल तर साक्षीदारांची वाट न पाहता पायरी 5 प्रमाणे कळवा.

पायरी 8. काम सोपवून देताना

एज्रा शास्त्र्याने बाबेलातून यरुशलेमला निघताना मंदिरासाठीची चांदी, सोनं आणि पात्रं बारा प्रमुख याजकांकडे तोलून दिली (एज्रा 8). नुसती चांदीच 650 किक्कार होती. एक किक्कार साधारण 34 किलो धरला तर सुमारे 22 टन. वाटेत चोरांचं भय होतं आणि राजाकडे सैनिक मागायला एज्राला संकोच वाटला होता. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस विसावा घेऊन चौथ्या दिवशी तो सगळा ऐवज पुन्हा तोलला गेला, उरियाचा मुलगा मरेमोथ याजक आणि त्याच्याबरोबरच्या तिघांसमोर, आणि वजन लिहून ठेवलं गेलं. ज्यांना "तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात" असं एज्राने म्हटलं होतं, त्यांच्याकडूनही तोलून घेतलं गेलं, आणि यात त्यांचा कुठे अपमान झालेला दिसत नाही.

तुम्हीही सेवा सोडताना तसंच करा, मग मुदत संपली म्हणून सोडा की रागाने. एका कागदावर लिहा: चाव्या किती आणि कोणत्या कुलपाच्या; रोख शिल्लक; पावतीपुस्तकं, वापरलेली आणि कोरी, क्रमांकांसह; वाद्यं, पुस्तकं, उपकरणं; पासवर्ड; लोकांची यादी. शेवटी अर्धवट राहिलेले शब्द: कोणाला भेटायचं सांगितलं होतं, कोणाचं काम बाकी आहे. हा शेवटचा भाग जवळजवळ सगळे विसरतात आणि नव्या सेवकाला पहिला महिना दुसऱ्याच्या न पाळलेल्या शब्दांसाठी बोलणी खावी लागतात. नव्या माणसासमोर एकेक वस्तू मोजा, तिसऱ्या व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्या आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलायला लावा. गोपनीय नोंदी असलेली वही मात्र नव्या सेवकाला देऊ नका. ज्यांनी सांगितलं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. पुढे नेणं आवश्यक असेल तेवढं त्यांच्या परवानगीने सांगा आणि वही फाडून टाका. मुलांच्या सुरक्षेच्या किंवा कायदेशीर बाबींच्या नोंदी तेवढ्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे कुलपात राहतील.

सोपवून दिल्यानंतरही काही महिने लोक सवयीने तुम्हालाच फोन करतील. विचारपूस करा, पण काम हाती घेऊ नका. नव्या सेवकाचं नाव आणि नंबर द्या, आणि "त्यांच्याशी बोललात का?" असं आठवडाभराने एकदा विचारा.